कार्डाबाहेरचं

३ फेब्रुवारी

नापास! तिसऱ्यांदा. वाचन, लेखन, ऐकणं — सगळं पार, आणि बोलण्यात अर्ध्या गुणाने गचकले. बोलण्यात! माहेरी कळलं तर हसून लोळतील — ही? आणि बोलण्यात?

चौदा वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होते. इथे परदेशात वृद्धाश्रमात मदतनीस आहे. अंघोळी घालते, चादरी बदलते, गोळ्यांना हात लावायचा नाही. नर्सचा परवाना हवा तर आधी इंग्रजीची परीक्षा. तिच्यात परीक्षक पेशंट होतो आणि मी नर्स. हातात दुखण्याचं कार्ड, वेळ पाच मिनिटं. म्हणजे चौदा वर्षं जे केलं त्याचं नाटक — आणि त्या नाटकातसुद्धा मला नर्सचं काम मिळत नाहीये.

७ फेब्रुवारी

शिकवणीच्या बाईंनी माझंच रेकॉर्डिंग ऐकवलं. पेशंट म्हणतो, "माझ्या छातीत —" आणि मी सुटलेच! गाडीला ब्रेकच नाही.

"तू समोरच्याला बोलूच देत नाहीस," बाई म्हणाल्या.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "एवढं तर मीही —" पुढचं काय ते कळलं नाही. मी बोलत होते.

१० फेब्रुवारी

घरातच पेशंट मिळाला! सासूबाई. त्या मराठीत दुखणं सांगणार, मी इंग्रजीत धीर देणार.

पहिलं कार्ड बद्धकोष्ठाचं निघालं. "असले रोग मी नाही घ्यायची. जरा बरासा दे." मग घोटा मुरगळल्याचं दिलं. कसा मुरगळला विचारलं, तर त्यांनी धाकट्या नणंदेच्या लग्नापासून सुरुवात केली. पाच मिनिटं संपली, घोटा अजून शाबूत!

"माझं इंग्रजी कसं वाटलं?" मी विचारलं.

"मला काय कळतंय? पण मान छान हलवतेस."

१५ फेब्रुवारी

दिवसभरात 'आय अंडरस्टँड' सदतीस वेळा म्हटलं. समजलं काहीच नाही.

२१ फेब्रुवारी

गुडघेदुखीचं कार्ड. सासूबाई काय कण्हत होत्या! शेवटी म्हणाल्या, "आणि इथे काखेजवळ एक गाठ लागते हाताला."

मी घड्याळ बंद केलं. "आई, कार्डावर नाही ते मध्येच आणू नका हो, माझी लिंक तुटते."

"बरं बाई." आणि मुकाट पुन्हा गुडघ्यावर आल्या.

आज पहिल्यांदा वेळेत संपवलं. स्वतःला दहापैकी नऊ गुण दिले.

२६ फेब्रुवारी

गाढव. एक नंबरची गाढव आहे मी.

कामावर एका आजींना स्वेटर घालत होते. त्यांचा खांदा आखडलाय, डावा हात वर जात नाही, म्हणून ती बाही आधी. बाही ओढता ओढता माझेच हात थांबले. आईही कितीतरी दिवस स्वेटर अशाच घालतात. रोज माझ्या डोळ्यांदेखत!

घरी आले, चपलाही काढल्या नाहीत.

"आई, ती गाठ म्हणालात परवा. खरी आहे?"

"अगं ते असंच. तुझी परीक्षा होऊ दे आधी."

"कधीपासून?"

त्या भांडी पुसत राहिल्या. मी गप्प राहिले. मी! एक पातेलं झालं, दोन ताटं झाली.

"तू पहिल्यांदा नापास झालीस ना, तेव्हापासून. इतकी रडत होतीस. म्हटलं, हिला आणखी कशाला."

म्हणजे जून. आठ महिने!

हात लावून पाहिलं. सुपारीएवढी, टणक, जागची हलत नाही. बोटांना कळायचं ते कळलं. तोंडाने म्हटलं, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

१४ मार्च

आज परीक्षा होती. आणि आईंच्या गाठीचा तुकडा तपासायला काढायची तारीखही आजचीच मिळाली. नवरा म्हणाला, "मी नेतो तिला, तू परीक्षेला जा." पण आई त्याच्यासमोर पदर तरी सरकवतील का? मीच गेले. न बसता नापास व्हायचा विक्रमही आता माझ्या नावावर.

डॉक्टर सगळं मलाच विचारत होते. म्हटलं, त्यांना विचारा, मी फक्त इंग्रजीत सांगेन. आई दोन शब्द बोलायच्या, थांबायच्या. मीही थांबायचे. व्याकरण तीनदा तरी घसरलं, एकदा तर आईंना 'तो' करून टाकलं! सुई पाहून त्यांनी माझं मनगट असं आवळलं, अजून वळ आहे.

२३ मार्च

रिपोर्ट आला. कर्करोगच. उपचार लगेच सुरू करायचे, आशा चांगली आहे म्हणाले.

नवरा खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"अरे, रडतोस काय असा? घरात नर्स आहे आपल्या."