नियम तपासायचे का: नाही

मंगळवार, ७ तारीख
ऑफिस, दुपारी अडीच

प्रिय आत्या,

नमस्कार. मनगटाची सूज उतरली का? आईने हाताखाली घ्यायला मऊ उशी शिवली आहे. बाबा दिवसातून चारदा तुझा फोन लावतात आणि बंद लागला की माझ्याकडे बघतात, जणू मीच बंद केलाय. म्हणून हे पत्र. आमच्या ऑफिसातल्या वाटपबाई संध्याकाळी तुझ्याकडे येणार आहेत, त्यांच्या हाती देते.

इथे सगळं ठीक आहे. म्हणजे, नाही. थांब, नीट सांगते.

तू शेजारणींना सांगतेस ना, "आमची पोरगी मशीनकडून कामं वाटते." ते असं चालतं: घरच्या दुरुस्तीसाठी ग्राहक वेबसाइटवर वेळ मागतो. माझा प्रोग्रॅम एपीआयमधून, म्हणजे दोन प्रोग्रॅमांच्या बोलण्याच्या वाटेने, सर्व्हरला विचारतो, कोण मोकळं आहे, कोण जवळ आहे, तुझ्यासारखा पाण्याचा फिल्टर कोणाला दुरुस्त करता येतो. आणि एक नाव त्या वेळेवर चढवतो. पूर्वी हे वाटपबाई फोनवरून करायच्या. कुणाला कुठल्या घरी पाठवायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ. आठवडाभर त्यांच्याशेजारी बसून मी ती सगळी यादी नियमांत घातली. गेल्या वर्षी तू आत गेल्यावर ज्याने कडी लावली होती, त्याचं घरही. वाटलं होतं, आता कुठल्याच बाईला "मला तिकडे नको" अशी दरवेळी विनवणी करावी लागणार नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी एक्केचाळीस कामं अडकली. नियमांमुळे कुणाचंच नाव बसेना. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "पदवी घेऊन आलीस ना? मग हलव."

नाव चढवताना सोबत एक ओळ जाते: नियम तपासायचे का? मी तिथे 'नाही' लिहिलं. कामं भराभर लागली. साहेब शाबास म्हणाले. दुपारी परत 'हो' करायचं ठरवलं होतं.

आत्या, मी विसरले.

गुरुवारी जिन्यावरून घसरले, असं तू म्हणालीस. काल मी त्या दिवसाची नोंद उघडली. तेच घर. तुझं नाव. नेमणूक करणारा: प्रोग्रॅम.

मी लगेच 'हो' केलं. पण आधी लागलेली कामं आपोआप पुन्हा तपासली जात नाहीत. एकेक काढून बघितली. आणखी तिघी अशाच दारांत जाणार होत्या. तिघींना फोन केले. तिसरीने पाचव्यांदा लावल्यावर उचलला. तिघी घरीच आहेत.

मग साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या आत्याने मोबाइलवर होकार दाबलाय. चूक तिची. तसं दोन ओळीत लिहून दे, विषय संपला."

खोटं कशाला बोलू, मी कागद घेतला. घरातली पहिली शिकलेली मुलगी, नोकरीला वर्षही झालं नाही. बाबांना काय सांगू, या भीतीने पेनही उघडलं.

तेवढ्यात वाटपबाई चहा ठेवून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "गुरुवारी निघण्याआधी तुझ्या आत्याचा मला फोन आला होता. पत्ता तोच दिसतोय म्हणाली. मी म्हटलं, भाचीला विचार की. तर म्हणते, 'तिने बघूनच पाठवलं असेल, कामात कशाला तिला त्रास?' आणि मीही गप्प बसले गं."

जिन्याची गोष्ट तू कुणासाठी रचलीस, ते मला तेव्हा कळलं.

मी दोन ओळी लिहून दिल्या: तपासणी मी बंद केली. तिला तिथे मी पाठवलं. काचेपलीकडे साहेब आत्ता त्या वाचताहेत. आता उठून केबिनच्या दाराशी आले. मला आत बोलावतील. पण तू ज्या दारासमोर उभी होतीस, त्यापुढे हे दार काय!

त्या घरात काय झालं, ते सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, ते तू ठरव. चौकीत जायचं असेल तर मी सोबत येईन. फक्त माझ्यासाठी घसरू नकोस.

न बघता तुला पाठवणारी,
तुझी भाची