एकोणीस दिवसांचं पाणी

बाबा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि मी तुमच्यावर खरी रागावले ती गेल्या महिन्यात.

शाळेत शिकवायला जाण्याआधी तुम्ही रोज तलावाच्या पाळीवर जायचात. दगडी पायऱ्यांवर पाणी कुठवर आहे ते बोटांनी मोजायचं आणि घरी येऊन वहीत लिहायचं. कुणी सांगितलेलं काम नव्हतं. शेजारचे काका शेताच्या धुऱ्यावरून विचारायचे, "काहो गुरुजी, तलाव पळून जाऊन राहिला का?" तुम्ही नुसते हसायचात. मी सहावीत असताना तुम्ही तुमसरला गेलात आणि मोजणी माझ्यावर सोपवलीत. मी खेळत बसले आणि संध्याकाळी आदल्या दिवशीचाच आकडा लिहून टाकला. तुम्ही मारलं नाही. आकडा खोडलात आणि म्हणालात, "जे पाह्यलं नाही ते लिहाचं नाही. जागा खाली रायली त राहू दे."

त्या वाक्यावर मी माझं काम उभं केलं. मी अभ्यासते तो न्यूट्रॉन तारा एखाद्या शहराएवढा, सूर्याहून जड आणि चुंबकशक्तीत भयंकर. तो काही सेकंदांत स्वतःभोवती फिरतो आणि दर फेरीला त्याचे एक्स-रे कमीजास्त होतात. ते हवेतून खाली पोचत नाहीत, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीनेच टिपावे लागतात. पंधरा वर्षं मी त्या फेऱ्या मोजते आहे. मध्ये काही महिने दुर्बीण मिळाली नाही. तेवढ्यात तो नेमका किती वेळा फिरला, कुणालाच ठाऊक नाही. सोबतचे म्हणाले, मधल्या फेऱ्या अंदाजाने सांधून टाकू, शोधनिबंध आपला आधी येईल. मी नको म्हटलं. दुसऱ्यांनी सांधलं, नाव त्यांचं झालं. मला फारसं लागलं नाही. तुम्ही पाठीशी आहात असं वाटत होतं.

गेल्या महिन्यात भंडाऱ्याची एक विद्यार्थिनी तलावांच्या अभ्यासासाठी तुमच्या वह्या मागायला आली. मी मोठ्या अभिमानाने पानं उलटत होते. मी चौथीत होते त्या वर्षीचा, ऐन पावसाळ्यातला तान्हा पोळा आला. त्याच दिवशी तुम्ही मला टायफॉइडच्या तापात भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं होतंत. एकोणीस दिवस तुम्ही माझ्या खाटेपासून हलला नव्हतात. वहीत मात्र एकोणीसही दिवस भरलेले. रोज अर्धं बोट पाणी कमी, सगळं एका बैठकीत लिहिलेलं. दवाखान्याच्या पत्र्यावर पाऊस वाजतो आहे, तुम्ही माझे पाय दाबता आहात, आणि तुमच्या वहीत तलाव शिस्तीत आटतो आहे.

काहून, बाबा? दोन वर्षांनी माझा एक आकडा खोडताना तुमचा हात थांबला कसा नाही? रिकामी जागा तुम्हालाच सोसली नाही, आणि मला ती आयुष्यभर सोसायला लावलीत. पूर्ण गावात हे ओळखू शकणारी मी एकटीच होते.

त्या पानांवर 'हे दिवस धरू नयेत' अशी चिठ्ठी लावून वह्या मी त्या मुलीला दिल्या. हा कागद कुठे पोचणार नाही, म्हणून सांगते. तिने कारण विचारलं, तेव्हा मी म्हटलं, बाबा तेव्हा आजारी होते.