वरण खाणारा कुत्रा पाहिजे

खडोली, सिल्वासा

तीर्थस्वरूप नवनाथ दाजी यांस, तुमचा एकुलता शालक वाल्मिक याचा वाकून नमस्कार. आक्काची कंबर आता कशी आहे? तुमची तब्येत विचारत नाही, कारण लग्नाच्या पंगतीत पाहिली तेव्हा ती उत्तम होती (पंगत उठली तेव्हा त्याहून उत्तम). मी आणि सोनी खुशाल आहोत. माझा फोन लागत नाही म्हणून घाबरू नका. तो मॅनेजरसाहेबांच्या कपाटात पुरावा म्हणून जमा आहे, म्हणून हे पत्र गावी येणाऱ्या गोकुळच्या हाती देतोय.

झालं असं, की या दिवाळीला मला कंपनीत पर्मनंट करायचं साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी कार्टून बनवलं. मोबाइलमध्ये हल्ली आपण नुसतं सांगायचं, चित्रं आपोआप हलतात (तुमच्या बैलांपेक्षा बरी ऐकतात). कार्टूनमध्ये एक लठ्ठ कुत्रा आमच्या कँटीनमध्ये शिरतो, वाटीतल्या वरणात डोकावतो, वाटीच्या तळावरचं नाव स्वच्छ वाचतो आणि आपल्या अहिराणीत विचारतो, "हाई डाय शे का पानी शे?" मग रोटी दातांत धरून ओढतो. रोटी तुटत नाही, दात पडतात. शेवटी तीच रोटी पट्टा म्हणून कमरेला बांधून तो ड्यूटीवर जातो. सगळी शिफ्ट पोट धरून हसली.

अहिराणी मी मुद्दाम घातली होती. कँटीनचा ठेकेदार गुजराती, साहेब कानपूरचे, तेव्हा कळेल ते आपल्याच पोरांना, असा माझा हिशेब. पण ठेकेदाराची बायको निघाली नंदुरबारची! सिल्वासात राहून एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. कार्टून फिरत फिरत तिच्या मोबाइलवर गेलं. बाई हसून हसून पलंगावरून खाली आली, मग नवऱ्याला 'डाय म्हणजे डाळ' असा एकेका शब्दाचा अर्थ समजावला, आणि वर म्हणाली म्हणे, की कुत्रा खरं तेच बोलतोय.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. ठेकेदार ओरडत होता, "आ कार्टून खोटुं छे! असली कुत्ता खाके दिखाएगा!" ठरलं, की खऱ्या कुत्र्याची खरी फिल्म काढायची. मी भीत भीत म्हटलं, आम्ही रोज हेच खातो, आमचीच काढा. साहेब म्हणाले, "तुम लोग तो कुछ भी खा लेते हो. कुत्ता सूंघ के खाता है, उसको लोग मानेंगे." दाजी, मला ते फार लागलं.

मग गेटवरचा काळू आणला. तो भुर्जीच्या गाडीवर वाढलेला, घरंदाज कुत्रा. त्याने वरण हुंगलं, साहेबांकडे पाहिलं आणि निघून गेला. परत आणून वरून तूप सोडलं, तर तूप तेवढं चाटलं. शेवटी कोंबडीचा तुकडा बुडवून दिला, तर पठ्ठ्याने तो बाहेर काढून मातीत पुसून खाल्ला. कॅमेऱ्यात हे सगळं आलंय, आणि त्यापुढे माझं कार्टून म्हणजे कँटीनची जाहिरात वाटते. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं, की कुत्रा बदलावा. वरण बदलावं असं कोणी म्हणालं नाही. मला कुत्र्यांची फार माहिती (कार्टून बनवलं ना!) म्हणून नवा कुत्रा आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शनिवारपर्यंत आणला नाही तर पर्मनंट विसरायचं. सोनीने त्या भरवशावर मोठी खोली बघून ठेवलीय. तिला हे अजून सांगितलेलं नाही, धीरच होत नाही.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
वाल्मिक

ता. क. : दाजी, तुमचा टिप्या अजून आहे ना? पोळ्याला त्याने माझी चप्पल खाल्ली, मग आक्काची केरसुणी खाल्ली, आणि वर ढेकर दिला. त्याला गोकुळबरोबर लगेच पाठवा. येताना वाटेत काही खायला देऊ नका.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना कळलं, की जो कुत्रा कॅमेऱ्यासमोर वाटी साफ करेल त्याला साहेब गेटवर कायम ठेवणार आहेत. म्हणजे टिप्या पर्मनंट झालाच समजा. माझं अजून नक्की नाही. तेवढा एक शब्द माझ्यासाठी टाक म्हणावं त्याला.