राहिलेल्या घोडीचं माप

१५ एप्रिल
धनगरांचा वाडा, त्यांचं फिरतं बिऱ्हाड, आला. शीळफाट्यापलीकडच्या आमच्या शेतात मेंढरं बसवलीयत, सोबत घोड्या. बुटक्या, तांबूस, काळ्या आयाळीच्या. भीमथडी.
याच जातीबद्दल सर वर्गात म्हणालेले, "संपली ती. पुस्तकात उरली." मी म्हटलं, दरवर्षी आमच्या शेतात येतात. ते हसले. मी बाक उलटवून त्यांच्या अंगावर गेलो. तिसऱ्या वर्षातच कॉलेज सुटलं, आणि वर्गातली मानसीही.
मोबाइलमध्ये ती अजून 'मा.' नावानेच आहे. 'माननीय' म्हणून चिडवायचो. आज मेसेज टाकला: भीमथडी आल्यात, प्रोजेक्टला मापं हवीत ना?
"रविवारी येते. फक्त मापांसाठी."
फक्त.

१९ एप्रिल, रविवार
मा. आली. डोंबिवलीहून, वेदांतच्या बाइकवर. आमचा सीनियर. हल्ली तिच्या प्रत्येक फोटोत बाजूला.
वाड्यावरची ठकूबाई घोडी धरून उभी, मा. टेप लावतेय, मी आकडे लिहितोय. मी घोड्यांबद्दलच बोलत सुटलो. भीमेकाठची पैदास, गावठी घोड्यांत अरबी रक्त. मराठ्यांचं घोडदळ यांच्याच पाठीवर. मूठभर चाऱ्यावर दिवसभर चाल, खूर इतके टणक की नाल नको. मग राज्य गेलं, पागा गेल्या, इंग्रजांना उंच घोडे हवे होते. धनगरांनी बिऱ्हाड वाहायला ठेवली म्हणून ही उरली.
मा. टेपवरून नजर न काढता म्हणाली, "हे पेपरात लिहिलं असतंस तर?"
आणि हसली. खरंच हसली.
तेवढ्यात वेदांत, "काय यार, नुसती तट्टं आहेत."
ओरडत धरली त्याची कॉलर. मापायची एकच घोडी राहिलेली, ती बिथरली, दोर हिसकला, मा. ढेकळांत पडली.
ठकूबाई: "वरडतूस कशाला रं? जनावर काय भैरं हाय?"
मा. कोपर झाडत उठली. "सरांच्या अंगावर गेलास, तेही प्रेमापोटीच ना? प्रेम तू करतोस हितेश, लागतं दुसऱ्याला."
बाइकवर बसून गेली.

२० एप्रिल
जेवताना बाबा: "कॉलेज सोरला, तसा त्या पोरीचा नाद पन सोर ना रं." ताट सरकवून उठलो. मग परत बसलो. भूक होती.
मा.चा मेसेज. "एक घोडी राहिली. वाडा जायच्या आत माप पाठव, प्लीज."
वाडा उद्या हलतोय. गेलो. घोडी जवळच येऊ देईना. ठकूबाईनं दोर माझ्या हातात दिला, म्हणाली, "काय बी बोलू नगंस. गप हुबा ऱ्हा."
राहिलो. कितीतरी वेळ. मग घोडीनं खांद्यावर तोंड टेकलं. तिचा श्वास गरम. रडलो की काय, घाम असेल.
मापं घेतली. पाठवली नाहीत. पाठवली की मा.ला मला मेसेज करायचं कारणच उरत नाही.

२१ एप्रिल
सकाळी बायांनी घोड्या लादल्या. भांडी, कोंबड्या, गोधडीत बांधलेलं एक पोर. शहाडवरून मुरबाड, मग माळशेज चढून देशावर. शेतात नुसत्या लेंड्या.
"आज सबमिट करायचंय. पाठवतोयस का?"
पाठवली.
लगेच उत्तर. "उंची चुकलीय. बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त येतेय. परत घेशील?"
वाडा गेला, लिहिलं. पण गाठतो, थांब.
"नको. ती घोडी गाळते. तू नीट राहा."

चूक मुद्दाम नव्हती केली. बहुतेक.

शहाडच्या एका टपरीवर बसून लिहितोय. चहावाला म्हणाला, मेंढरं केव्हाच पुढे गेली. टेप खिशात आहे. आता माप कुणाला लागत नाही. तरी निघतो.