हातवारे बंद

३ मार्च
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. हिवाळ्याच्या तोंडावर हिला स्ट्रोक आला. उजवा हात लुळा, पाय अधू, वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलायला जाते आणि शब्द निघत नाही. मात्र हिने नवरा योग्य निवडलाय. मेंदूला बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन जागं करायचं, हेच माझं संशोधन. माझ्याच प्रयोगात हिला घातलं. उन्हाळा संपायच्या आत ही मला 'अहो' म्हणून हाक मारणार. लिहून ठेवतो.

७ मार्च
पहिली ट्रीटमेंट. स्वतःच्या बायकोच्या वेळी मी खोलीत थांबायचं नाही, असा संशोधन समितीचा आदेश. काम आमच्या विभागातल्या मॅडम बघतात. एके काळी माझ्या विद्यार्थिनी, आता मलाच बाहेर बसवतात. निम्म्या पेशंटच्या डोक्याला चुंबकाची खरी कॉइल न लावता खोटी लावतात. नुसती टकटक, आत काही जात नाही. कोणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, शेवटपर्यंत आम्हालाही कळत नाही. पण मी बंद दाराबाहेरून आवाजावर ओळखलं. खरी आहे. इतक्या वर्षांचा तयार कान आहे.

१२ मार्च, सकाळ
संकल्प: घरात हातवारे बंद. पेशंटने खूण केली की आपल्याला समजलंच नाही असं दाखवायचं, म्हणजे त्याला शब्द शोधावाच लागतो. मॅडम ट्रीटमेंटनंतर हे तासभर करून घेतात. तासाने गुण येतो, तर दिवसभराने किती येईल. हिला अर्थातच सांगितलं नाही. पेशंटला माहीत असलं की निकाल बिघडतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

१२ मार्च, संध्याकाळ
हिने पाण्याच्या जगकडे बोट दाखवलं. मी छताकडे बघितलं. पुन्हा बोट. मी पंखा लावला. शेवटी काठी टेकत स्वतःच गेली आणि डाव्या हाताने ओतून घेतलं, अर्धं जमिनीवर. चालण्याचाही व्यायाम झाला. एका दगडात दोन पक्षी.

२० मार्च
मेव्हणी राहायला आली. हिची धाकटी बहीण, तोंडाचा पट्टा अखंड चालू. हिने भुवई उडवली की तिला अख्खं वाक्य कळतं. मी छताकडे बघताना तिने पकडलं. म्हणाली, भावोजी, ताईची वाचा गेली, पण तुमचे डोळे कधी गेले? प्रयोगाचं गुपित फोडायचं नाही म्हणून गप्प बसलो. शास्त्रज्ञाला अपमान गिळावे लागतात.

२ एप्रिल
हिची नवीनच खूण. माझ्याकडे बोट, मग स्वतःच्या छातीवर हात, मग तळवा उताणा. पुन्हा पुन्हा. मी चेहरा कोरा ठेवला. या वेळी मला खरोखरच कळलं नव्हतं, पण नियम तो नियम. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचा परतायच्या सुमारास पेशंट हळवे होतात. लक्षण चांगलं आहे.

१५ एप्रिल
शब्द आला. स्वयंपाकघरातून, हिच्या आवाजात: 'मीठ'. मग दोघींचं हसणं. मी धावत गेलो, रेकॉर्डिंगला फोन पुढे धरला, परत म्हण म्हटलं. ही मान खाली घालून भाजी निवडायला लागली. हरकत नाही. त्या मिठावर हक्क कॉइलचाच.

२८ एप्रिल
बहिणीशी आता थोडं थोडं बोलते. दूधवाल्यालाही 'उद्या' म्हणाली. माझ्याशी काही नाही. खूणसुद्धा करत नाही. म्हणजे हातवारे पूर्ण बंद, संकल्प तडीस गेला. जेवताना भांड्यांचा आवाज फार मोठा वाटतो.

१६ मे
प्रयोग संपला. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. हिला खोटी कॉइल होती. मी म्हणालो, यंत्रणा तपासा, चिठ्ठ्या बदलल्या असतील. त्यांनी तपासलं होतं. मग विचारलं, घरी त्यांच्याशी दिवसभर कोण बोलतं? मेव्हणी, म्हणालो. आणि तुम्ही, सर? मी माझा नियम सांगितला. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग हळूच म्हणाल्या, आम्ही पेशंटला आधी सांगतो, सर. सांगितल्याशिवाय कधीच करत नाही.

१७ मे
मेव्हणीला ती खूण करून दाखवली. अर्थ विचारला. ती म्हणाली, ताई विचारत होती, 'मी तुम्हाला नकोशी झाले का?' उत्तर आलं नाही, तेव्हा तिने काय ते समजून घेतलं.

ही खिडकीशी बसून एका हाताने कपड्यांच्या, चादरींच्या घड्या घालत होती. मी समोर जमिनीवर बसलो. नियम, कॉइल, सगळं सांगितलं. नकोशी कशी होशील म्हणालो, तुझ्यावाचून मला या घरात काही सुचत नाही. मला रडू आवरेना. हिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'राहू दे.'

सलग दोन शब्द, उच्चार स्वच्छ. आमच्याकडे याला मोठी प्रगती म्हणतात. मी चादरीचं दुसरं टोक धरायला हात पुढे केला. तोवर हिची घडी घालून झाली होती.