अनंताची फांदी

गो आत्ये,

तुझ्या बागेतल्या लाल मुंग्यांनी आज माझ्या पायजम्यात शिरून जो अन्याय केला, त्याची दाद कुणाकडे मागू? तुझं तर वर्षश्राद्धही उरकलं.

तुझ्या मुलांनी घर विकलंय. सोमवारी बागेवर जेसीबी फिरेल. शेजारची फेबी विचारत आली, "अनंताची एक फांदी दिशात माका?"

मी हो म्हणणार, एवढ्यात तू आठवलीस. "मागून नेलला झाड रुजणा नाय, चोरून नेललाच रुजता," असं म्हणायचीस, आणि कुंपणाशी कुणी घुटमळलं की पाठ फिरवून पाचोळा वेचायचीस. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून ते नाटक. माझ्या दारातला अनंतही तसाच आलेला.

फेबीवर खेकसलो, "अजिबात नाय!" आणि कोयता कुंपणावर विसरून चहा करायला आत गेलो.

तुझो भाचो,
दिगंबर