सॉरीला जुळणारा शब्द

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मनातलं कागदावर उतरवलं की मन मोकळं राहतं म्हणतात. माझं मोकळंच आहे, तरीही.
प्रेसमध्ये किरकोळ प्रकार झाला. दातांच्या डॉक्टरांची पाचशे पत्रकं छापून झाली आणि त्यांवर ‘दातांचा दवाखाना’ऐवजी ‘दारांचा दवाखाना’ आलं. खाली मजकूर होता, ‘हलणारे, किडलेले, तुटलेले, सर्व वाचवून मिळतील.’ व्याकरणातलं लिंग सोडलं तर तो दारांनाही चालतो. त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही, ही माझी बाजू.
डॉक्टर स्वतः पत्रकं न्यायला आले होते. त्यांच्यादेखत मी मशीनमनला म्हणालो, मशीनला डोळे नसतात, पण तुम्हाला तरी आहेत ना? तो आत जाऊन प्रूफाचा कागद घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. त्यावरही ‘दारांचा’ होतं. खाली ‘तपासले’ लिहून मुद्रितशोधकाची सही होती. सही माझ्या सहीसारखी होती, एवढं मी मान्य करतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मशीनमन बोलत नाही. एकोणीस वर्षं रोज सकाळी विचारायचा, “मास्तर, आज काय सापडलं?” आज विचारलं नाही. चहा एकच कप आणला. स्वतःचा.
मालकीणबाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, “त्यांना सॉरी म्हणून टाका, मास्तर. दोन अक्षरं आहेत.” पलीकडच्या गल्लीतला मोठा प्रेस त्याला केव्हापासून बोलावतोय म्हणे. तो गेला तर आपलं जुनं मशीन दुसऱ्या कुणाच्या हाताला दाद देणार नाही.
उद्या म्हणतो, असं सांगितलं. मी शब्दाचा पक्का आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
म्हटलं नाही. सकाळी त्याचे हात शाईने भरलेले होते. दुपारी तो जेवत होता. संध्याकाळी मी घाईत होतो.
शिवाय शांतपणे विचार केला. नुसतं सॉरी ही बसमध्ये कोपर लागल्यावर म्हणायची गोष्ट. एकोणीस वर्षांच्या संबंधाला ते शोभत नाही. मी अक्षरांतला माणूस. चार ओळींची कविता करतो, छान कागदावर छापून त्याच्या हातात देतो. पहिली ओळ तयार:
मित्रा, तुला म्हणतो सॉरी
दुसरीचं यमक सकाळी दात घासताना सुचेल. शनिवारी विषय संपला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सुचलं नाही. बायकोला विचारलं. तिने भाजी चिरता चिरता सांगितलं, चोरी, दोरी, मोरी, तिजोरी, शिरजोरी. सुरी थांबवलीसुद्धा नाही. मी तिला समजावलं की ‘सॉरी’त ऑ आहे आणि ‘मोरी’त ओ. हे यमक नव्हे, ही तडजोड. या एका अर्धचंद्रासाठी मी आयुष्यभर लोकांच्या मजकुरावर लाल रेघा ओढल्या, आता स्वतःच्या कवितेत कसा सोडू?
ती म्हणाली, “मग अर्धचंद्रासकट सॉरी म्हणा आणि मोकळे व्हा.”
तिला काव्यातलं कळत नाही. शुद्ध यमक आतापर्यंत एकच: लॉरी.

८ फेब्रुवारी, शनिवार
थोरल्या ताईला फोन केला. तिने शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तिने लगेच ‘वरी’ आणि ‘हरी’ काढले, म्हणजे काळजी आणि घाई. स्पेलिंगच्या शेवटी जुळतात म्हणे. मी म्हणालो, जुळतात डोळ्यांना, कानाला नाही. मग ती म्हणाली, क्वॉरी. म्हणजे दगडाची खाण. याला म्हणतात शिक्षण.
पुढे तिने विचारलं, कुणाला सॉरी म्हणायचंय? सांगितलं. म्हणाली, “माझी चित्रांची वही तू बादलीत बुडवली होतीस, त्याचंही राहिलंय.”
तेवढ्यात नेटवर्क गेलं. म्हणजे मी फोन ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार
कविता झाली.
मित्रा, तुला म्हणतो सॉरी,
रस्त्यावरून चालली लॉरी.
लॉरीत आहेत दगड मोठे,
ते जिथले, ती म्हणजे क्वॉरी.
यमकाला बोट लावायला जागा नाही. अर्थाच्या बाजूने एक-दोन प्रश्न उभे राहतात. लॉरी कुठे चालली आहे? दगड कुणी मागवले? रसिक हे विचारणारच. आणखी एक कडवं लागेल. फार तर दोन.

१२ फेब्रुवारी, बुधवार
अकरा कडवी झाली. दगड एका पुलासाठी चालले आहेत. पाचव्या कडव्यात चालकाचं लक्ष नसतं आणि लॉरी खड्ड्यात जाते. चालक मशीनवर बसणारा माणूस असल्यामुळे यातून काही सूचित होत असेल, तर तो योगायोग. रस्ता दाखवणारा शेजारी बसलेला असतो. त्याची काही चूक नसते.
सहाव्या कडव्यापासून ओघ असा काही लागला की सुरुवातीची ‘सॉरी’ खुपायला लागली. काढली. आता पहिली ओळ ‘पहाट झाली, निघाली लॉरी’. जास्त चित्रमय.
मशीनमन अजून बोलत नाही. एक कप.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
अर्धी रजा घेऊन हायवेच्या कडेला उभा राहिलो. लॉरी जवळून बघावी म्हटलं. एक चालक टायर बदलत होता. त्याला विचारलं, या लॉरीत काय आहे? त्याने दोनदा विचारायला लावलं. मग म्हणाला, “लॉरी आता कोण म्हणतं, काका? ट्रक म्हणा.”
परत येताना ‘ट्रक’ घेऊन पाहिलं. पहिल्याच झटक्याला ‘चूक’ पुढे आलं. ‘अ’ला ‘ऊ’, सदोष यमक. तो रस्ता सोडला. लॉरीच राहील.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मालकीणबाईंनी कविता वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. म्हणाल्या, “यात सॉरी कुठे आहे?” मी म्हणालो, ती वातावरणात आहे. त्या म्हणाल्या, “मास्तर, ते बाहेरच उभे आहेत. हाक मारू का?”
मी म्हणालो, छापून झाल्यावर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
एक व्यावहारिक अडचण. छापणार कोण? मशीन एकच, ते चालवणारा माणूस एकच. काम त्याच्याकडेच द्यावं लागलं. ‘खाजगी, शंभर प्रती’ अशी चिठ्ठी लावून ठेवलं. माफीला एक प्रत पुरते, पण एका प्रतीसाठी मशीन चालू करणं बरं दिसत नाही.
त्याने मुकाट्याने छपाईची प्लेट केली. पहिले दहा कागद निघाल्यावर मला चौथ्या कडव्यात ‘खडी’पेक्षा ‘वाळू’ बरी वाटली. प्लेट बदलली.

२० फेब्रुवारी, गुरुवार
‘वाळू’पेक्षा ‘खडी’च बरी होती. प्लेट बदलली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर तो माझ्या कामासाठी थांबला. आज चौथी प्लेट, पुलाचं नाव घालण्यासाठी. आणि आज तो बोलला. एकोणीस दिवसांनी. हातात ओला कागद धरून म्हणाला, “मास्तर, हे नक्की काय आहे?”
मी म्हणालो, तुमच्यासाठीच आहे, पूर्ण वाचलंत की उलगडेल.
त्याने उभ्याउभ्या अकराही कडवी वाचली. एकदा कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाला, “मला लॉरीचं काय करायचंय?”
संवाद सुरू झाला आहे. सोमवारपर्यंत कवितेचा अंमल चढेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार
अंमल चढला. त्याने राजीनामा दिला. शुक्रवार शेवटचा दिवस.
मालकीणबाईंनी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले: “मास्तर त्या दिवशी बोलले, ते मी दोन दिवसांत विसरलो असतो. पण एका लॉरीपायी चार प्लेटा?”
टेबलावरचा फोन नीट होता, तो त्यांनी पुन्हा नीट केला.
ठराव: शुक्रवारी मी कविता त्याच्यासमोर मोठ्याने वाचणार. वाचनात जी मजा आहे ती छापण्यात नाही. तो थांबेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
बायकोसमोर सराव केला. तिसऱ्या कडव्याला ती दूध बघायला उठली. गॅस बंद होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळपासून तो मशीन पुसत होता. एकेक रोलर काढून, फडकं मारून, पुन्हा बसवला. मी तीनदा जवळून गेलो. तिन्ही वेळा हातात कविता होती.
पाच वाजता तो निघाला. मी मागोमाग फाटकापर्यंत गेलो. स्कूटरवर बसून हेल्मेट चढवत होता. मी कागद उघडला. पहाट झाली, एवढं म्हटलं आणि पुढचं वाचता येईना. अक्षर स्वच्छ होतं, छपाईही उत्तम होती.
म्हणालो, “सॉरी.”
तो म्हणाला, “कशाबद्दल?”
म्हणालो, “ते प्रूफ मी वाचलंच नव्हतं. तशीच सही केली.”
तो म्हणाला, “माहीत होतं मला.” हेल्मेटचा पट्टा लावला. मग म्हणाला, “डाव्या बाजूच्या रोलरला रोज तेल घालायला सांगा नव्या माणसाला,” आणि गेला.
माफीचं सगळं पट्टा लागायच्या आत झालं.
टेबलावर चहा होता. एक कप. बहुतेक त्याने जाताना ठेवला असावा. गार झाला होता. प्यायलो.
नवा माणूस कधी मिळेल, सांगता येत नाही. मालकीणबाईंनी कवितेच्या उरलेल्या शहाण्णव प्रती कच्च्या कामासाठी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आहेत. कागद चांगला आहे म्हणाल्या, मागची बाजू कोरी.